सेवाभाव आणि संख्या

कोणाचें कौतुक करावयाचें असलें म्हणजे आपले लोक शब्दांची कंजुषी करीत नाहींत. रुग्णालयांतील परिचारिकेस तर आपण 'देवदूत', 'करुणेची मूर्ति', 'माउली' अशीं किती तरी नांवें देऊन ठेविलीं आहेत. दरवर्षीं मे महिन्याच्या १२ तारखेस परिचारिकादिन येतो. त्या दिवशीं गुलाबाचीं फुलें वांटलीं जातात व भाषणें होतात. या कौतुकास आमचा विरोध नाहीं. परंतु ज्या माउलीस एका रात्रीं चाळीस लेंकरें सांभाळावयास सांगितलीं आहेत, तिला आणखी एका फुलापेक्षां आणखी एका सोबतिणीची गरज अधिक आहे, हें सांगण्यासाठीं आम्ही हा लेख लिहीत आहों.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरचे एक वृद्ध गृहस्थ शस्त्रक्रियेसाठीं एका रुग्णालयांत होते. त्या रुग्णालयाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. रात्रीच्या पाळीस त्या दालनांत एकच परिचारिका होती. खाटा भरल्या होत्या व कांहीं रोगी खालीं अंथरूण टाकून पडले होते. सलाईनची बाटली संपत आली म्हणून आम्ही तिला बोलावण्यास गेलों, तों ती दुसऱ्या टोंकास एका बेशुद्ध रोग्याच्या घशांतील कफ काढीत होती. "दोन मिनिटं मामा, आलेच," असें ती म्हणाली. त्या दोन मिनिटांचा पाऊण तास झाला. आम्हांस राग आला व तो आम्हीं चार लोकांदेखत बोलून दाखविला. पहाटें ती औषधें घेऊन आली तेव्हां तिच्या तळहातावर खाटांचे आंकडे शाईनें लिहिलेले दिसले. कागद शोधण्यासही तिला फुरसत झाली नव्हती. आमच्या रोग्याच्या अंगांत ताप भरला आहे व जखम चिघळूं लागली आहे, हें तिनें हात लावतांच ओळखलें. आम्ही रात्रभर उशाशीं बसलों होतों, परंतु त्यांस शांत झोंप लागली आहे असेंच समजत होतों. शिकलेल्या डोळ्यांस जें दिसतें तें नुसत्या मायेच्या डोळ्यांस दिसत नाहीं, हें आम्हांस त्या पहाटें कळलें. तेच शिकलेले डोळे मध्यरात्रीं एकदां त्या खाटेपाशीं आले असते, तर पुढचे कित्येक दिवस आमच्या रोग्यास अंथरुणांत काढावे लागले नसते. त्या परिचारिकेवर आम्ही रागावलों, याची आज आम्हांस लाज वाटते. उणीव तिच्या हातांत नव्हती. हातांच्या संख्येंत होती.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचें चित्र सर्वांस ठाऊक आहे. हातांत दिवा घेऊन त्या जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरत आहेत. परंतु १८५४ सालीं त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयाकडे निघाल्या तेव्हां एकट्या निघाल्या नव्हत्या. त्यांच्याबरोबर ३८ स्त्रिया होत्या. युद्धाहून परतल्यावर किती शिपाई जखमांनीं मेले व किती टाळतां येण्याजोग्या रोगांनीं मेले, याचे आंकडे त्यांनीं सरकारपुढें मांडले, आणि १८५८ सालीं लंडनच्या संख्याशास्त्रमंडळानें त्यांस आपली पहिली स्त्री सभासद करून घेतलें. आपण त्यांचा दिवा तेवढा लक्षांत ठेविला आणि त्यांचा हिशेब विसरलों.

हा हिशेब आजही कोणास अज्ञात नाहीं. सामान्य रुग्णालयांत दर पांच रोग्यांस एक व वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत दर तीन रोग्यांस एक परिचारिका असावी, आणि रजेच्या भरपाईसाठीं शेंकडा ३० अधिक असाव्या, असें भारतीय परिचर्या परिषदेचें प्रमाण आहे. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत १६८ रुग्णालयांची पाहणी करून लिंडा एकन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं असें दाखविलें कीं, परिचारिकेच्या वांट्यास येणारा एकेक रोगी वाढला म्हणजे शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांच्या आंत रोगी दगावण्याचा संभव शेंकडा सुमारें ७ नें वाढतो. म्हणजे रिकामी राहिलेली जागा ही खर्चाची बचत नव्हे. त्या जागेची किंमत खाटेवरचा रोगी देत असतो.

कोणी म्हणतील, मनांत सेवाभाव असला म्हणजे सर्व कांहीं निभावतें. सेवाभावाची उणीव आपल्या प्रांतास कधींच नव्हती. १८९७ सालीं पुण्याच्या प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले स्वतः त्या रोगास बळी पडल्या. परंतु अशा थोर त्यागाची आठवण सांगून रोजच्या व्यवस्थेंतील ढिलाई झांकणें, हा त्या त्यागाचा अपमान आहे असें आम्हांस वाटतें.

संख्येइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे एकोपा. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालीं एका क्रूर हल्ल्यामुळें कायमच्या अंथरुणास खिळल्या. १८ मे २०१५ रोजीं त्यांचा अंत झाला, तोंपर्यंत सुमारें ४२ वर्षें त्याच रुग्णालयाच्या परिचारिकांनीं त्यांस भरविलें, न्हाऊं घातलें, कुशीवर वळविलें; आणि इतक्या वर्षांत त्यांच्या पाठीस अंथरुणाचे व्रण पडूं दिले नाहींत. सर्वोच्च न्यायालयानेंही २०११ सालीं या सेवेचा गौरव केला. हें कोणा एकीचें काम नव्हतें. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. भरलेली घागर एकीनें दुसरीच्या हातीं न सांडतां द्यावी, तसा तो रोगी पाळीपाळीनें पुढें दिला गेला.

हा एकोपा केवळ परिचारिकांपुरताही नसावा. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं शस्त्रक्रियेच्या वेळीं वाचून दाखवावयाची एक साधी यादी तयार केली. रोगी तोच ना, जागा तीच ना, उपकरणें व कापसाचे बोळे मोजून पुरे भरले ना, असे तींत प्रश्न आहेत. दिल्ली धरून आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हां मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १·५ वरून ०·८ वर आलें, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. त्या यादीचें मर्म असें कीं, मोजणी जुळली नाहीं तर परिचारिकेनें तें मोठ्यानें सांगावें व नामांकित शल्यविशारदानेंही आपला हात थांबवावा. जेथें डॉक्टरसाहेबांपुढें बोलण्याची सोय नाहीं, तेथें चार माणसें असूनही रोग्याजवळ एकच माणूस असतें.

आपल्या गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या दारांत आजरा-चंदगडकडील डोंगरी भागांतून लोक येतात. पुढें कोल्हापूर किंवा मिरज गांठण्याइतका पैसा व वेळ प्रत्येकाजवळ नसतो. म्हणून रुग्णालयाची नवी इमारत झाली, नवें यंत्र आलें, याचा आनंद मानतांना, 'रात्रीच्या पाळीस परिचारिका किती?' हा प्रश्न आपल्या वडीलधाऱ्यांनीं मतें मागावयास येणाऱ्यांना अवश्य विचारावा. १८९४ सालीं डॉ. वॉन्लेस यांनीं मिरजेस रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून या भागास परिचर्येचें मोल ठाऊक आहे. आमच्या विद्यार्थिनींनीं, तसेंच विद्यार्थ्यांनींही, हा व्यवसाय दुय्यम समजूं नये.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यावर रुग्णालयांत कोणाच्या उशाशीं बसण्याचा प्रसंग आला व हांक मारलेली सिस्टर लवकर आली नाहीं, तर आवाज चढविण्यापूर्वीं त्या दालनांतील खाटा मोजा. आम्हीं त्या रात्रीं त्या मोजल्या नव्हत्या.