खाडीतला जगलेला मासाही तपासा



दाभोळ खाडीत मासे मेले की यंत्रणा जागी होते. पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या जातात, लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीकडे बोट दाखवले जाते, पंचनामा होतो आणि पुढच्या मासेमरीपर्यंत सारे शांत. पण मरून तरंगणारा मासा कोणी घरी नेत नाही. जो मरत नाही, तो बाजारात येतो. त्याच्या अंगात काय साठले आहे, हे कोण बघतो?

पाणी ‘मर्यादेत’ आहे म्हणून मासा निर्धोक ठरत नाही. चिखलातल्या जिवाणूंमुळे पाऱ्याचे मिथाइल मर्क्युरी होते आणि लहान माशाकडून मोठ्या माशाकडे जाताना ते वाढत जाते. मांसातच मुरलेले असल्याने ना ते उकळून जाते, ना आमसुला-तिरफळाने. सर्वाधिक धोका पोटातल्या बाळाच्या मेंदूला. जपानमधल्या मिनामाताने हे १९५६ पासून भोगले. कालवांचे तर आणखी वेगळे. ती सतत पाणी गाळतात, कॅडमियम, शिसे धरून ठेवतात. माशाची आतडी आपण काढून टाकतो. कालव अख्खे खातो.

त्यात नवी भर. इटलीत विचेन्झाजवळ लाखो लोकांचे पाणी ‘पीफास’ या सहजी न विघटणाऱ्या रसायनांनी नासवणारा मितेनी कारखाना २०१८ मध्ये बंद पडला, आणि त्याची यंत्रसामग्री आली ती याच लोटे परशुरामला! युरोपने १ जानेवारी २०२३ पासून माशांतल्या पीफासवरही मर्यादा घातली आहे. तिकडे जाणाऱ्या म्हाकुलासाठी कॅडमियमची तपासणी होते. आम्ही मात्र कल्ले लाल आहेत का, एवढेच बघायचे.

तपासणीचा बभ्रा झाला तर खाडीत मासेमारी करणाऱ्या भोई बांधवांचा धंदा बसेल, असे काहीजण म्हणतात. तो मासेमरीच्या प्रत्येक बातमीने बसतोच, आणि मिरकरवाडा बंदरात उतरणाऱ्या समुद्रातल्या बांगड्यालाही विनाकारण झळ लागते. मासे सोडा, असे माझे मुळीच म्हणणे नाही (मलाही ते जमणार नाही). बांगडा, तारली यांसारख्या लहान माशांत पारा कमीच असतो. पण हे ग्राहकाला सांगायला हातात आकडे हवेत.

शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. त्याच्या मदतीने खाडीतली कालवे, कुर्ल्या, बोय दर महिन्याला तपासावीत, खर्च सांडपाणी सोडणाऱ्या उद्योगांकडून वसूल करावा आणि निकाल मच्छी मार्केटच्या दारावर मराठीत लावावा : मासा कोणता, कुठला, पारा किती, कॅडमियम किती.

– एक मत्स्याहारी वाचक, रत्नागिरी