खंड्या तारेवर बसलाय, आणि पोरांना आपण तो यूट्यूबवर दाखवतोय

मागच्या महिन्यात पुतणीच्या शाळेचं विज्ञान प्रदर्शन बघायला पेणहून रोह्याला गेलो. शाळेचं नाव घेत नाही, कारण दोष एका शाळेचा नाहीच. विषय छान होता, निसर्गाकडून शिकून केलेली रचना. बायोमिमिक्री म्हणतात ती. पहिला नंबर कुणाला? थर्माकोलच्या बुलेट ट्रेनला. मॉडेल बाबांनी केलेलं, हे सांगायला नकोच. जपानी गाडीचं तोंड खंड्याच्या चोचीवरून कसं घेतलं ते पोराने धडाधड म्हणून दाखवलं. मी विचारलं, "बाळा, खंड्या पाहिलायस का?"
"हो काका, यूट्यूबवर."

त्याच सकाळी दिवा–रोहा गाडीतून कासू ते नागोठणे मला तीनदा तारेवर खंड्या दिसला होता.

पोरावर राग नाही. गोष्ट खरी आहे. बोगद्यातून सुसाट बाहेर पडणाऱ्या गाडीचा दणका कमी करायला एजी नाकात्सू नावाच्या अभियंत्याने खंड्याची चोच अभ्यासली, आणि 1997 साली ती 500 मालिकेची गाडी धावली. पण त्याला हे सुचलं कसं? तो पक्षी बघत फिरणारा माणूस होता म्हणून. आपण पोरांना त्याचं उत्तर पाठ करायला लावतो. त्याची सवय मात्र लावत नाही.

आपल्याकडे बघायला काय कमी आहे? 1941 मध्ये स्वित्झर्लंडच्या मेस्त्रालला कुत्र्याच्या केसांत अडकलेली बोंडं दिसली, त्यातून पुढे वेल्क्रो आलं. आपल्या पँटला आघाडा चिकटतो तो भिंगाखाली ठेवा की! 'अळवावरचं पाणी' आपण रोज बोलतो, पण थेंब घरंगळताना पानावरची धूळ सोबत नेतो, हे कुठल्या वर्गात दाखवलं?

आणि पेणचं खारेपाट म्हणजे तर उघडी प्रयोगशाळा. बांधातली उघाडी बघा. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं, भरतीला तेच दार पाण्याच्या दाबाने बंद होतं. हृदयाची झडप याच तत्त्वावर चालते. पुस्तकात तिची आकृती काढून तीन मार्क मिळवणारं पोर उघाडीवरून सायकल नेतं आणि त्याला दोन्हींचं नातं कळत नाही! तिवराचं पान चाटलं तर खारट लागतं, कारण झाड नको असलेलं मीठ पानातून बाहेर टाकतं. बांधापुढचं तिवर तोडू नका असं माझा आजा सांगायचा. म्हणायचा, "भरतीला अडवायचं नाय, दमवायचं." लाटेचा जोर तिवरातच मोडतो, हेच तो सांगत होता.

आता कुणी म्हणेल, बघा, आपल्या पूर्वजांना सगळं आधीच माहीत होतं. नाही हो. माहीत असतं तर दर काही वर्षांनी बांधाला खांडी पडून भातशेतीत खारं पाणी शिरलं नसतं. म्हणून तर शिकायचं. आज्याचा अनुभव मोजायचा, तपासायचा, चुकला असेल तर चुकला म्हणायचं.

मग हे शिकवत का नाहीत? माझं स्पष्ट मत सांगतो. जपानची चोच कुणाला अडचणीत आणत नाही. निसर्गात एकाचं उरलेलं दुसऱ्याचं अन्न होतं, हा धडा धाटावच्या एमआयडीसीशेजारी, कुंडलिकेच्या काठावर उभं राहून शिकवला तर पोरं विचारणार, मग कारखान्याचं उरलेलं कुणाचं अन्न? तिवराखाली उभं केलं तर विचारणार, पलीकडचं कुणी तोडलं? हे प्रश्न नकोत, म्हणून थर्माकोल बरा.

मास्तरांना मी दोष देत नाही. निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, वर दहावीचा निकाल. पण 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत घालवायची तरतूद आहे. आपापल्या शाळेत जाऊन विचारा, त्या दहा दिवसांत काय केलं?

त्यातले तीनच मागतो. एक दिवस बांधावर, भरती आणि ओहोटी दोन्ही बघून. एक दिवस हमरापूरच्या गणपती कारखान्यात. एका बादलीत शाडूचा गोळा, दुसरीत पीओपीचा. काय विरघळतं, काय नाही, आणि तरीही कारागिराला पीओपी का परवडतं, हे त्याच्याच तोंडून ऐकायचं. एक दिवस कुंडलिकेवर. आणि शिकवणाऱ्या शेतकऱ्याला, कारागिराला मानधन द्या. नुसता नारळ नको.

विनोबांचं गागोदे आपल्याच पेण तालुक्यात. 11 सप्टेंबरला फोटोला हार घालतो, पण काम करत शिकावं हा त्यांचा आग्रह हाराखाली झाकला जातो.

उद्या याच पोरांतून कुणी बांधाच्या कामावर सही करणारा अभियंता होईल. त्याने भरती आधी डोळ्यांनी बघितलेली असावी, एवढंच मागणं आहे.

पालकांनो, पुढच्या सभेत हा विषय काढा. पटत नसेल तर खाली लिहा, भांडू. पण प्रदर्शनासाठी थर्माकोल आणायला जाऊ नका.