घोणस की अजगराचे पिल्लू?

वारूळवाडी-नारायणगाव परिसरात उसाच्या फडात जाड, तपकिरी ठिपक्यांचा साप दिसला की 'अजगराचे पिल्लू, बिनविषारी' म्हणून त्यास हात लावणारे आढळतात. तो साप घोणस असल्यास हे धाडस जिवावर बेतते.

घोणशीच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. डिवचल्यास ती कुकरच्या शिटीसारखा फुत्कार करते. अजगराचे चट्टे मोठे व वेडेवाकडे असून डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण असते. पूर्ण वाढलेला अजगर दहा फुटांवर जातो, घोणस पाच फुटांवर क्वचितच. परंतु पिल्लाच्या बाबतीत लांबीचा हा भेद उपयोगी पडत नाही.

म्हणून ओळख दुरूनच करावी आणि शंका येताच साप घोणसच मानावा. दोन्ही साप उंदीर खाऊन पीक राखतात. अजगरास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. साप मारू नये; वनखात्यास कळवावे.

दंश झाल्यास आवळून बांधणे, चिरा देणे व मांत्रिक टाळून रुग्णास थेट रुग्णालयात न्यावे. प्रतिविष हाच खरा उपाय होय. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तोडणी सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक टोळीस हे समजावून सांगणे अगत्याचे आहे.