मलिक अंबरच्या लेकीचा रंग

आमच्या अमडापूर-चिखली भागात शाळेचं गॅदरिंग असो, सीरतचा जलसा असो की स्पर्धा परीक्षेचं मार्गदर्शन शिबिर, पाहुणा वक्ता दहाव्या मिनिटाला आफ्रिकेत नाहीतर अमेरिकेत पोचतो. मंडेला 27 वर्षं तुरुंगात होते. ओबामा राष्ट्राध्यक्ष झाले. मुहम्मद अलींनी 1967 साली व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिला आणि जगज्जेतेपद गमावलं, पण मान झुकवली नाही. पोरं टाळ्या वाजवतात, पोरांचे बापही वाजवतात. मग वक्ता समारोप करतो, की रंग, गरिबी, जात, काही आड येत नाही, फक्त जिद्द पाहिजे.

या नावांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्या समारोपाबद्दल आहे. तो खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे समजायला अमेरिकेला जावं लागत नाही. आपल्याच दख्खनमध्ये त्याचा पुरावा आहे.

मलिक अंबर 1548 च्या सुमारास हबशाच्या मुलखात, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मला. मूळ नाव चापू. लहानपणी विकला गेला, मोखा-बगदाद करत एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला. बगदादच्या मालकाने त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. मग तो दख्खनला आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेजखान स्वतःही हबशी गुलामच होता. तो वारल्यावर अंबर मोकळा झाला. 1600 साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला, निजामशाही संपली असं सगळे म्हणत होते, तेव्हा या माणसाने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवून पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं ते राज्य जिवंत ठेवलं. 1610 साली खडकी वसवली. तेच पुढे औरंगाबाद झालं, आज छत्रपती संभाजीनगर. तिथली नहर त्याची. जमिनीची प्रतवारी करून सारा ठरवण्याची त्याची पद्धत त्याच्या नावाने ओळखली गेली. मराठा घोडेस्वारांना घेऊन त्याने मोगलांना गनिमी काव्याने इतकं हैराण केलं, की 1624 च्या भातवडीच्या लढाईत मोगल आणि आदिलशाही फौजा एक होऊनही त्याच्यापुढे टिकल्या नाहीत. शहाजीराजे त्या लढाईत अंबरच्या बाजूने होते. आमच्याच जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाचे लखुजी जाधव, म्हणजे शहाजींचे सासरे, तोवर मोगलांकडे गेलेले होते. सांगायचं इतकंच, की हा माणूस बाहेरच्या कुठल्या इतिहासातला नाही. आमच्या बुलढाण्याच्या घराण्यांचं सोयरिक-भांडण ज्या इतिहासात आहे, त्याच्या मधोमध तो उभा आहे.

तो संत नव्हता. गुलामीतून आलेल्या या माणसाच्या स्वतःच्या फौजेतही विकत घेतलेले हबशी होते, आणि राजे बसवणं-उठवणं त्याने निर्दयपणे केलं. पण जिद्द, अक्कल, कष्ट, यश यांत त्याच्यात काही कमी होतं असं कुणी म्हणू शकणार नाही. वक्त्याच्या समारोपाप्रमाणे रंगाचा प्रश्न इथे मिटायला हवा होता.

मिटला नाही. जहांगीर बादशहा आपल्या आठवणींत अंबरचं नाव काळेपणावरून शिवी दिल्याशिवाय सहसा घेत नाही. त्याच्या दरबारातल्या अबुल हसन या चित्रकाराने 1616 च्या सुमारास एक चित्र काढलं. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतो आहे. चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बिटी ग्रंथालयात आहे. प्रत्यक्षात ते मुंडकं जहांगीरला कधीच मिळालं नाही. अंबर 1626 साली म्हातारा होऊन वारला, खुलदाबादला त्याची कबर आहे. गंमत म्हणजे त्याच जहांगीरच्या इतिहासकाराने, मुतमदखानाने, त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची तोंड भरून स्तुती केली.

पण शत्रूची शिवी सोडून द्या, शत्रू शिवी देणारच. मला बोलायचं आहे ते घरातल्या शिवीबद्दल.

अंबरने आपली मुलगी ज्या निजामशहाला दिली, त्याला गादीवर अंबरनेच बसवलं होतं. पीटर व्हान डेन ब्रुक नावाचा डच व्यापारी त्या काळात अंबरला भेटला होता. त्याने लिहून ठेवलेली हकीकत अशी, की निजामशहाची थोरली बायको इराणी, गोरी होती. तिने अंबरच्या लेकीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं. लेकीने बापाला कळवलं. प्रकरण निजामशहाच्या आणि त्या बायकोच्या विषप्रयोगापर्यंत गेलं.

विष बाजूला ठेवा, ते राजकारण होतं. आधीचं वाक्य पाहा. बाप त्या राज्याचा पेशवा. नवरा बापाच्या मेहेरबानीने राजा. आणि तरीही सासरी त्या मुलीला तिच्या वंशावरून बोलून घ्यावं लागलं. आणखी किती जिद्द दाखवायची होती तिच्या बापाने?

आता चारशे वर्षं पुढे, आपल्या घरात या. रिश्त्याचा बायोडाटा उघडा. उंची, शिक्षण, आणि मग रंग: गोरा, निमगोरा, गहूवर्णी. सावळा हा शब्द लिहायचीही हिंमत नसते, म्हणून गहूवर्णी. बघायला आलेल्या बायका चहा घेतात, मुलीच्या हाताकडे बघतात, आणि जाताना म्हणतात, "लडकी अच्छी है, बस रंग थोडा दबा हुआ है." मुलगी डी.एड. झालेली असो की बी.एस्सी., दबलेला रंग शिक्षणाने वर येत नाही. हुंड्याने येतो. ज्या घरातून हा निरोप जातो, त्या घरातल्या पोराचं नाव बऱ्याचदा बिलाल असतं.

हजरत बिलाल (रजि.) हबशी होते. मक्केच्या तापल्या वाळूत छातीवर दगड ठेवून त्यांना छळलं, हे आपल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. अबू जर (रजि.) यांनी रागाच्या भरात एका माणसाला त्याच्या आईवरून टोमणा मारला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना काय सुनावलं, ते मात्र जुम्याच्या बयानात क्वचित ऐकू येतं. तुझ्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे, असा त्याचा अर्थ होता. ही सुनावणी हिणवणाऱ्याची झाली. हिणवलेल्याला, तू मेहनत कर, मोठा हो, म्हणजे कुणी बोलणार नाही, असा सल्ला त्यांनी दिला नाही. आपले वक्ते नेमका तोच सल्ला देतात.

आणि आपण 'हबशी' हा शब्द कशासाठी वापरतो? काळ्या पोराला चिडवायला, नाहीतर जास्त जेवणाऱ्याला. मराठीतही, घरातल्या दख्खनीतही. ज्या शब्दाने बिलाल आणि अंबर ओळखले गेले, तो आपल्या गल्लीत शिवी आहे.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: हे काय फक्त मुसलमानांतच आहे का? नाही. मराठी घरांतल्या स्थळांच्या जाहिराती वाचा, तिथेही तेच आहे. पण सगळ्या मानवजातीत रंगाचा भेद नाही, हे हज्जतुल विदाच्या खुत्ब्यातलं बोलणं मिंबरवरून आपण सांगतो. मग जाब आपल्याला आधी द्यावा लागेल. दुसरं उत्तर, की पसंती ही ज्याची त्याची. असेल. पण गावातल्या वीसच्या वीस घरांची पसंती एकाच रंगाची निघते, तेव्हा ती पसंती कसली?

सिद्दी लोक आज गुजरातमध्ये, कर्नाटकात आहेत. गीरजवळच्या जांबूरच्या हिराबाई लोबी लहानपणीच पोरक्या झाल्या, आजीने वाढवल्या. पुढे त्यांनी बायकांना एकत्र करून बचत आणि मुलांची शाळा उभी केली, 2023 साली पद्मश्री मिळाली. पुढच्या शिबिरात त्यांचं नाव नक्की घ्या. पण त्याच व्यासपीठावरून समोर बसलेल्या आयांना आणि पोरांच्या बापांना एवढं विचारा, की हिराबाईंच्या नातीचा बायोडाटा तुमच्या घरी आला, तर रंगाच्या रकान्यात तुम्ही काय वाचाल. आणि विचारून झालं की थांबा. टाळ्यांची घाई करू नका.

आमच्याकडे निदान एक काम लगेच होऊ शकतं. लग्नाचे बायोडाटे टाइप करून देणाऱ्या दुकानात तयार नमुना असतो, त्यात रंगाचा रकाना छापलेलाच असतो. तो काढून टाका म्हणायला ना मौलाना लागतो, ना वक्ता.