एकवीस वर्षांच्या पोराच्या खांद्यावर

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं एम्स हे गाव मराठी वाचकाला माहीत आहे ते वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तिथल्याच कॉलेजातून १८९४ मध्ये पदवीधर झाले. मी वर्गात कार्व्हर दरवर्षी सांगतो. पण त्याच कॉलेजात नंतर आलेल्या जॅक ट्राइसबद्दल कधी बोललो नव्हतो.

जॅक १९०२ मध्ये ओहायोत जन्मला. वडील लहानपणीच गेले. क्लीव्हलंडच्या शाळेतले त्याचे फुटबॉल प्रशिक्षक आयोवा स्टेटला गेले, त्यांच्यामागून तोही १९२२ मध्ये तिथे दाखल झाला. पशुसंवर्धन शिकायचं आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या उपयोगी पडायचं, हे त्याचं स्वप्न. तो गोळाफेक करायचा आणि फुटबॉल खेळायचा. हा फुटबॉल आपला नव्हे. चेंडू हातात धरून, अंगावर अंग आदळत खेळायचा. कॉलेजच्या खेळाडूंमध्ये तो पहिला कृष्णवर्णीय होता.

६ ऑक्टोबर १९२३ रोजी मिनिआपोलिसला मिनेसोटा विद्यापीठाशी सामना होता. आदल्या रात्री जॅकने हॉटेलच्या कागदावर स्वतःसाठी एक टिपण लिहिलं. उद्या माझ्या वंशाची, घराण्याची आणि माझी इज्जत पणाला लागली आहे, सगळे माझ्याकडून मोठ्या कामगिरीची वाट पाहत आहेत, मी अंगाची पर्वा करणार नाही, असा त्याचा आशय.

सामन्याच्या सुरुवातीलाच त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. तरी तो खेळत राहिला. पुढे तो पाठीवर पडला आणि प्रतिस्पर्धी खेळाडूंच्या पायांखाली तुडवला गेला. ते मुद्दाम होतं की खेळाच्या भरात, यावर आजही एकमत नाही. ८ ऑक्टोबरला तो वारला. वय २१. मागे तरुण पत्नी आणि आई. ते टिपण त्याच्या कोटाच्या खिशात सापडलं.

हे टिपण आज प्रेरणा म्हणून सांगितलं जातं. मला मात्र ते वाचून स्वतःची लाज वाटली.

आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा इंजिनिअरिंगला लागला. त्याच्या वर्गात आपला म्हणावा असा तो एकटाच. निघताना मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "बेटा, कौम की इज्जत अब तेरे हाथ में है." दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. अंगात ताप असताना त्याने परीक्षा दिली होती. "सर, आजारी आहे असं कुणाला सांगितलंच नाही. म्हणाले असते, हे लोक असेच."

त्या दिवशी मैदानात बाकीचे सगळे कॉलेजसाठी आणि स्वतःसाठी खेळत होते. त्यांच्यातला एखादा दुखापत झाली म्हणून बाहेर बसला असता, तर 'गोरे कच्चे निघाले' असं कुणी म्हणालं नसतं. जॅकला ती सवलत नव्हती. हाड मोडल्यावर थांबणं हा प्रत्येक पोराचा हक्क आहे.

कुणी म्हणेल, हा अभिमान नसता तर तो तिथवर पोहोचलाच नसता. असेल. पण अभिमान त्याचा त्याने बाळगणं वेगळं आणि आपण मोठ्यांनी तो त्याच्या पाठीवर लादणं वेगळं. जे समाज नेहमी संशयाच्या नजरेखाली असतात, त्यांच्या पोरांवर आधीच बाहेरून ओझं असतं. त्यात आपण घरून भर घालतो.

बरं, ज्यांच्यासाठी त्याने जीव टाकला, त्या कॉलेजला त्याची आठवण कधी झाली? विद्यार्थी वर्षानुवर्षं मागणी करत राहिले, तेव्हा १९८४ मध्ये मैदानाला त्याचं नाव मिळालं आणि संपूर्ण स्टेडियमला १९९७ मध्ये. मृत्यूनंतर ७४ वर्षांनी. पोराचा बळी गेल्यावर पाटी लावायला सगळे येतात.

तो मुलगा सुट्टीत घरी आला, तेव्हा मी त्याला म्हणालो, "बेटा, मागचं माझं बोलणं विसर. नापास झालास तर तू एकटा नापास होशील, कौम नाही. ताप आला तर आधी औषध घे, आणि मला फोन कर." तो हसला. ते हसू मी त्याच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी पाहिलं.