एकाच साम्राज्यांतील दोन मापें

जलंबहून खामगांवास जाणारी आठ मैलांची आगगाडीची शाखा आमच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. १८७० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनीं स्वतः येऊन ती खुली केली. एवढ्याशा रस्त्यासाठीं एवढे थोर गृहस्थ कां आले, हें मात्र वर्गांत क्वचितच कोणी विचारतो. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१-६५) लँकशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला, तेव्हां १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आलेल्या वऱ्हाडाकडे त्यांची दृष्टि वळली. शाखा लोकांच्या सोयीसाठीं झाली असें कित्येक पालक म्हणतात. सोय झाली हें खरें, पण कापसाच्या गासड्यांची आधीं.

आतां कॅनडाकडे पाहा. तीही इंग्रजांचीच वसाहत. तेथील गोऱ्या रहिवाशांनीं १८५९ सालीं विलायती मालावरील जकात वाढविली. शेफील्डच्या कारखानदारांनीं लंडनकडे गाऱ्हाणें नेलें. कॅनडाचे अर्थमंत्री गाल्ट यांनीं कळविलें कीं, आमच्या करांचा निर्णय आमचे लोकच करतील. लंडन सरकारनें तें मुकाट्यानें मान्य केलें.

आमच्याकडे काय झालें? विलायती सुती कापडावरील जकात १८८२ सालीं साफ उठविली. तिजोरींत खडखडाट झाला म्हणून १८९४ सालीं ती परत बसविली, तेव्हां मँचेस्टरचें मन राखण्यासाठीं देशी गिरण्यांच्या सुतावरही कर आला. १८९६ पासून विलायती व देशी अशा दोन्ही कापडांवर साडेतीन टक्के! आपल्याच घरीं विणलेल्या कापडावर हा दंड नागपूरच्या एम्प्रेस मिलनेंही भरला. तो १९२६ सालीं रद्द झाला.

कॅनडा संपन्न होता म्हणून त्यास मोकळीक मिळाली, असें कांहीं जाणते लोक सांगतात. आम्हांस हें पटत नाहीं. तेथील विधिमंडळांत बसणारे राज्यकर्त्यांचे सगेसोयरे होते. येथील शेतकरी त्यांचा कोणीच नव्हता. केनियांत तर गोऱ्या मळेवाल्यानें कॉफी लावावी, आफ्रिकी शेतकऱ्यानें लावूं नये, हा निर्बंध १९३० नंतरही कित्येक वर्षें चालला.

१८५९ आणि १८९६ हीं दोन सालें आम्ही फळ्यावर शेजारीं शेजारीं लिहितों. एकदां, कापूस पिकविणाऱ्या घरच्या एका मुलानें उठून विचारलें, “गुरुजी, कॅनडांतल्या मूळ रहिवाशांना तरी कोणी विचारलें होतें काय?” नाहीं. त्यांच्याच जमिनीवर तें विधिमंडळ उभें होतें. हें आम्हीं आधींच सांगावयास हवें होतें.