अत्तर सोन्याच्या भावात, फूल कोणाच्या भावात?

कोरडवाहू शेतकऱ्याला फुकटचा सल्ला देणाऱ्यांची कमी नाही. कापूस-ज्वारी सोडा, फुलशेती करा, अत्तराला जगात सोन्याचा भाव आहे, असे ते सांगतात. आम्ही शेतकी शिकलो, म्हणून सल्ल्याआधी हिशेब मांडतो.

अत्तराची चमेली रात्री उमलते. ऊन चढण्याआधी खुडली नाही तर वास उडतो. किलोभर भरायला आठ-दहा हजार फुले लागतात. तिचा वास वाफेच्या भट्टीत टिकत नाही. म्हणून फुले हेक्झेनमध्ये भिजवून मेणासारखा अर्क काढतात आणि तो मद्यार्काने धुऊन शुद्ध अत्तर काढतात. एक किलो अत्तराला सुमारे सातशे किलो फुले, म्हणजे पन्नास लाखांहून जास्त कळ्यांची खुडणी!

आता पाहा, फूल संध्याकाळपर्यंत थांबत नाही, मेण मात्र डब्यात महिनोन्‌महिने थांबते. ज्याचा माल थांबतो, तो भाव ठरवतो. कापूस निदान चार दिवस घरात ठेवता येतो. फूलवाल्याला तेवढीही सवड नाही.

वरून भाव दाबायला रसायन आहेच. चमेलीच्या वासाचे हेडिओन १९६६ साली दिओरच्या 'ओ सोव्हाज'मध्ये वापरले गेले आणि पुढे सगळीकडे पसरले. पॉलिस्टरने कापसाचे काय केले, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

चमेलीचा बहुतेक अर्क भारत आणि इजिप्तमधून जातो. इजिप्तच्या मळ्यांत रात्री लहान लेकरे फुले खुडतात, हे बीबीसीने २०२४ साली जगाला दाखवले. बाटली महाग आणि खुडणारा उपाशी, हा योगायोग नव्हे.

उलट उदाहरणही आहे. फ्रान्समध्ये ग्रासजवळच्या पेगोमासला शनेल कंपनीने १९८७ पासून एका शेतकरी कुटुंबाशी कायमचा व्यवहार बांधला. अर्क काढण्याचा कारखानाही शेतातच आहे. तिथले फूल आपल्या फुलाहून वेगळे नाही, सौदा वेगळा आहे.

म्हणून फुलशेतीचा सल्ला घेऊन कोणी गावात आला, तर त्याला चारच प्रश्न विचारा. उन्हाळ्यात पाणी कुठून? पहाटे खुडायला माणसे किती? कारखाना किती तासांवर? आणि भाव लागवडीआधी लेखी देणार का?

चारही उत्तरे मिळाली, तर विहिरीवरच्या दहा गुंठ्यांत खुशाल लावा. एकही चुकले, तर वासावर भुलू नका.